बिल्ला बंड्याला, पैसा पलीकडे

"ऐकलंस का गं? पलीकडच्या बंड्याला गूगलने आठव्या पायरीवर चढवलं म्हणे."

काकूंनी शेवग्याच्या शेंगांचं ताट भिंतीवर टेकवलं, तेव्हाच ओळखलं, आज बैठक लांबणार. आमच्या नगरच्या सावेडीत वाड्यांचे बंगले झाले, मधे भिंती आल्या, पण बांधणाऱ्या गवंड्याने एवढं भान ठेवलं की माणसाची हनुवटी वर राहील आणि ताट ठेवायला जागा होईल.

"लोकल गाइड म्हणतात त्याला, काकू. लेव्हल आठ झाली त्याची."

"मग पगार किती?"

"पगार नसतो. बिल्ला मिळतो. तोसुद्धा मोबाइलवरच, नावाशेजारी."

"बिल्ला तर यष्टीच्या कंडक्टरलाही असतो. पण त्याला दर महिन्याला पगार होतो. हे कुठलं खातं काढलंय?"

मी त्यांना दरपत्रक सांगितलं. नकाशावर नवी जागा टाकली की 15 गुण. नसलेला रस्ता दाखवला की 15. मत लिहिलं की 10, फोटो टाकला की 5. आठव्या पायरीला 15,000 गुण लागतात आणि शेवटच्या दहाव्या पायरीला एक लाख. काकूंचा हिशोब पूर्वीपासून तोंडी. "म्हणजे नुसते फोटो धरले तर तीन हजार! तरीच त्याची आई सांगत होती, पोरगा रसवंतीत गेला तरी आधी पाटीचा फोटो, मग रस."

चेष्टा जाऊ द्या, पण बंड्याने काम केलंय हे मान्य करायला हवं. पाइपलाइन रोडच्या आतल्या नव्या कॉलन्या, गुलमोहर रोडवरचे दवाखाने, भिस्तबागेकडचे बोळ, कुठला दवाखाना दुसऱ्या मजल्यावर आणि जिना मागून आहे, हे सगळं त्याने उभ्याउभ्या टिपून टाकलंय. काम कसं चालतं ते मी एकदा त्याच्या शेजारी उभी राहून पाहिलं. नवी पिठाची गिरणी होती. त्याने नकाशावर बोट दाबून धरलं, खूण उमटली. नाव टाकलं, प्रकार निवडला, गिरणीवाल्याला विचारून वेळ टाकली, पाटीचा फोटो काढला, आणि "पाठवा"वर टिचकी मारली. दळण होईपर्यंत गिरणी नकाशावर जायच्या रांगेत. गिरणीवाल्याला मात्र शंका, "याचे नंतर पैसे मागायला कोणी येणार नाही ना?"

इतक्यात नाना आले. नाना म्हणजे काकूंचे यजमान. सगळी नोकरी भूमी अभिलेखात, मोजणीवर. नकाशा हा शब्द कानावर पडला की त्यांना वर्तमानपत्र खाली ठेवावंच लागतं.

"नकाशा म्हणू नका त्याला," ते म्हणाले. "आम्ही शंकूसाखळी ओढलीय उन्हातान्हात. तेहेतीस फुटी साखळी, तिचे सोळा आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे एक गुंठा. हद्दीचा दगड सापडला नाही तर दिवस गेला. शेतकरी आधी फी भरायचा, मग तारीख पडायची, मग लगतच्या खातेदारांना नोटिसा, मग मोजणी, मग क-प्रत. आणि हा गिरणीत उभं राहून बोट दाबतो!"

"पण नाना, तुमच्या गावनकाशात गट सगळे असतात, गिरणी असते का?"

"गिरणीशी आम्हाला काय करायचंय? जमीन कोणाची एवढं सांगायचं."

मला वाटतं सगळी गोम इथेच आहे. सरकारी नकाशा मालकी सांगतो आणि बंड्याचा नकाशा वहिवाट सांगतो. चहा कुठे मिळतो, पंक्चर कोण काढतं, डॉक्टर कधी बसतात. आणि बाजार मालकीवर चालत नाही, वहिवाटीवर चालतो. सर्व्हे ऑफ इंडिया 1767 पासून देश मोजतंय, पण अडीचशे वर्षांत टपरी मोजायचं त्यांच्या मनात आलं नाही. कारण त्यांना टपरीची गरजच नव्हती, लष्कराला आणि महसुलाला नकाशे हवे होते.

"मग ही टपऱ्यांची टूम काढली कोणी?" काकूंनी शेंग मोडली.

माझा भाचा पुण्यात घरपोच सामान पोचवणाऱ्या कंपनीत आहे, त्यामुळे या धंद्यातली बरीच कुजबुज माझ्याकडे येते. 2004 मध्ये इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या एका पोराने ओपनस्ट्रीटमॅप सुरू केलं. तिथल्या सरकारी खात्याचे नकाशे महाग आणि वापरायला परवानगीची कटकट, म्हणून याने ठरवलं की आपणच सायकलवर जीपीएस घेऊन हिंडायचं आणि रस्ते काढायचे. लोकांना हसू आलं. आज तिथे नोंदणी केलेले लोक एक कोटीच्या वर आहेत. मग 2006 ला दोन रशियन पोरांनी विकीमॅपिया काढलं. ते आपल्याकडे फार चाललं. आठवतंय का, सायबर कॅफेत तासाचे पैसे भरून पोरं काय करायची? उपग्रहाच्या फोटोत स्वतःचं गाव शोधायची आणि घरावर चौकोन काढून लिहायची: आमचा वाडा. मारुती मंदिर. आमची विहीर. एकाने तर शेजाऱ्याच्या घरावर असं काही लिहिलं होतं की भांडण पोलीस पाटलापर्यंत गेलं.

"आपलं घर जगाच्या नकाशावर दिसलं की माणूस हरखतोच," नाना एवढं तरी कबूल झाले.

हरखतो, म्हणून तर फुकट राबतो. गूगलच्या भारतातल्या इंजिनिअरांनी हेच हेरलं. ललितेश कात्रगड्डा आणि संजय जैन ही त्यांतली दोन नावं. अमेरिकेत बरे नकाशे विकत मिळत होते. आपल्याकडे पैसे मोजायची तयारी असली तरी गल्लीबोळाचा पुरता नकाशा मिळणं मुश्कील होतं. मग 2008 मध्ये त्यांनी मॅप मेकर काढलं: आम्ही उपग्रहाचा फोटो देतो, तुम्ही रेघा मारा. लोकांनी मारल्या. आपल्या जिल्ह्यात 14 तालुके, क्षेत्रफळ 17 हजार चौरस किलोमीटरच्या वर, राज्यात सगळ्यांत मोठा. पारनेरच्या माळावरच्या वस्त्या आणि पाथर्डीच्या डोंगरातले तांडे मोजायला कुठली कंपनी पगारी माणसं पाठवणार होती? गावच्या पोरांनी ते घरबसल्या केलं.

"आणि सरकार गप्प बसलं?" नानांचा खात्याचा अभिमान जागा झाला.

"छे. 2013 मध्ये गूगलने मॅपॅथॉन नावाची स्पर्धा लावली. जास्तीत जास्त नकाशा भरा आणि बक्षीस न्या. सर्व्हे ऑफ इंडियाने सरळ दिल्ली पोलिसांत तक्रार दिली. परवानगी घेतली नाही, संरक्षणाची ठिकाणं लोक दाखवतायत. पुढे सीबीआयची प्राथमिक चौकशीही लागली."

"बरोबरच आहे!" नानांनी भिंतीवर हात आपटला. "आपल्या नगरातच बघ ना. भिंगारची छावणी, रणगाड्यांचं ट्रेनिंग, के. के. रेंजवर तोफा चालतात. तिथे कोणीही बोट दाबून खूण करायची?"

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. पण 2016 मध्ये सरकारने कायद्याचा मसुदा आणला, त्यात चुकीच्या नकाशाला 100 कोटींपर्यंत दंड आणि सात वर्षांपर्यंत कैद, तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. लग्नपत्रिकेमागे कार्यालयाचा नकाशा छापायचा तरी परवानगी लागणार का, असा प्रश्न होता. तो मसुदा बासनात गेला. उलट 15 फेब्रुवारी 2021 ला केंद्राने नियमच सैल केले, भारतीय कंपन्यांना नकाशे करायला आधी परवानगी नको. म्हणजे पाच वर्षांत कैदेपासून कौतुकापर्यंत.

मॅप मेकरचं पुढे काय झालं तेही मजेशीर आहे. 2015 मध्ये कोणा महाभागाने रावळपिंडीजवळच्या मोकळ्या जागेत हिरव्या अँड्रॉइडच्या बाहुल्याचं चित्र काढलं. बाहुला कशावर लघवी करत होता? ॲपलच्या सफरचंदावर. नकाशा लोकांच्या हाती दिला की हे व्हायचंच. गूगलने काही महिने दुकान बंद ठेवलं आणि 31 मार्च 2017 ला कायमचं मिटवलं. पण रेघा मिटल्या नाहीत. त्या मोठ्या नकाशात गेल्या, आणि काम लोकल गाइडच्या नावाने चालू राहिलं. सुरुवातीला चौथ्या पायरीवर पोचलेल्यांना एक टेराबाइट साठवणुकीची जागा फुकट देत होते, दोन वर्षांसाठी. आता बहुतेक बिल्ल्यावरच भागवतात.

"हे बघ, मला साधं सांग," काकू म्हणाल्या. "बंड्याला बिल्ला. मग पैसा कोणाला?"

तर पैसा असा. रिक्षा बोलवायचं ॲप असो की पिझ्झा आणणारा पोरगा, त्यांची यंत्रं दर मिनिटाला नकाशाला विचारत असतात: हा पत्ता कुठे, इथून तिथे किती वेळ, वाट कुठून. या विचारण्याचा मीटर पडतो, दर हजारी. 2018 मध्ये गूगलने हे दर वाढवले आणि लहानसहान धंदेवाल्यांनी बोंब मारली. 2024 च्या जुलैत ओलाने जाहीर केलं, आम्ही वर्षाला 100 कोटी गूगलला देत होतो, आता आमचा आम्ही नकाशा वापरणार. लगेच ऑगस्टपासून गूगलने भारतातले दर 70 टक्क्यांपर्यंत खाली आणले. आणि त्याच जुलैत मॅपमायइंडिया ओलावर धावून गेली की तुम्ही आमचाच नकाशा उचललात! नोटीस धाडली. ओलाने कानावर हात ठेवले.

"ही मॅपमायइंडिया कोण?"

"दिल्लीचं वर्मा जोडपं, राकेश आणि रश्मी. 1995 पासून नकाशे करतायत. पहिल्या गिऱ्हाइकांत कोका-कोला होती, बाटल्या कुठे किती पोचवायच्या ते बघायला. त्यांनी पगारी माणसं रस्त्यावर पाठवून मोजलं. 2021 च्या डिसेंबरात शेअरबाजारातही आली कंपनी."

"पगारी माणसं," नाना समाधानाने म्हणाले, जणू पेन्शन वाढली.

पण गंमत म्हणजे पगारी माणसांचं हे काम फुकट्यांनीही करून दाखवलं. इस्रायलात एहुद शब्ताय नावाच्या इंजिनिअरने 2006 मध्ये लोकांकडून रस्त्यांचा नकाशा गोळा करायला सुरुवात केली. गाडी चालवताना फोन चालू ठेवा, रस्ता आपोआप उमटेल. त्याचंच पुढे वेझ झालं, कंपनी झाली, आणि 2013 मध्ये गूगलने ती 100 कोटी डॉलरच्या आसपास घेतली. गाड्या कोणी चालवल्या, पेट्रोल कोणी जाळलं? त्यातल्या एकाने तर कोर्टात दावाही ठोकला, की नकाशा आमचा, विकणारे तुम्ही कोण.

"शहाणा दिसतोय," काकूंनी शेरा मारला.

आता एक बाजू मी काकूंना सांगितली नाही, त्यांनीच मला सांगितली. काकूंचं माहेर अकोले तालुक्यातलं. त्यांचा भाचा भंडारदऱ्याच्या बाजूला तंबू लावतो. मे संपता संपता काजव्यांचा मोसम, पावसाळ्यात धबधबे, थंडीत सांदण दरी आणि रतनगड. पूर्वी मुंबई-पुण्याचे लोक गट घेऊन यायचे, दर तेच ठरवायचे, याच्या हातात चिल्लर. आता नकाशावर त्याच्या तंबूंची खूण आहे, फोटो आहेत, नंबर आहे. फोन थेट येतो. खूण टाकायला त्याला एक पैसा पडला नाही. म्हणजे नुसती वरचीच माणसं खातात असं नाही, खालीही झिरपतं.

"पण झिरपतं तसं आटतंही," काकू म्हणाल्या. "एक बाई भर जुलैत आली. धो धो पाऊस. काजवे दिसले नाहीत म्हणून एकच तारा देऊन गेली. जुलैत काजवे कुठून आणायचे? ती ओळ सगळ्यांत वर दिसायची. पोरगं आठवडाभर जेवलं नाही नीट. आणि शेजारच्याने तंबूही न लावता खूण टाकली, फोटो याच्याच तंबूंचे!"

ज्याची खूण वर, त्याला फोन आधी. वर कोण येणार हे कसं ठरतं, ते भंडारदऱ्यात कोणाला सांगता येत नाही आणि विचारायला जावं असं कचेरीचं दारही नाही. तलाठी निदान सापडतो. बंड्याने टाकलेली खूण फुकट, पण जाहिरात देणाऱ्याची खूण उठून दिसते, त्याचे पैसे लागतात. म्हणजे गल्ली आपण भरली, आणि आता आपल्याच गल्लीत दुकान दिसावं म्हणून आपणच मोजायचे. मला हा सौदा पसंत नाही, पण तोडता येत नाही हेही खरं.

डोंगरातल्या वाटांचंही तेच. हरिश्चंद्रगडाची पाचनईची वाट कोणा भटक्याने फोनवर रेकॉर्ड केली, विकीलॉकवर चढवली. हे विकीलॉक स्पेनमधल्या जिरोनाच्या जॉर्डी रामोटने 2006 ला सुरू केलं. वाट चढवणं फुकट, पण फोनवर तिच्यामागे चालायची सोय हवी तर वर्गणी. आपल्याच डोंबिवलीची ट्रेकक्षितिजची मंडळी कितीतरी वर्षं किल्ल्यांची माहिती मराठीत फुकट देतायत, कोणाकडे वर्गणी मागितली नाही. त्यांचा धंदा झाला नाही, त्यांचं फक्त नाव झालं. यात कमी-जास्त कोण, ते ज्याने त्याने ठरवावं. पावसात धुकं उतरल्यावर मात्र पाचनईचा वाटाड्या पोरगाच बरा, मग रेघ कोणाचीही असो.

"रेघेचं म्हणतेस, तर कोतूळचं विसरलीस का?" काकूंचा आवाज बदलला.

विसरेन कशी. 2021 चा जानेवारी. पुण्याचे तिघे रात्री गाडीने कळसूबाईकडे निघाले होते. कोतूळहून अकोल्याकडे जाणारा जुना रस्ता मुळेवरच्या पुलावरून जातो, आणि पिंपळगाव खांडचं धरण भरलं की तो पूल महिनोनमहिने पाण्याखाली असतो. फोनमधल्या नकाशाने तीच वाट दाखवली, असं तेव्हा बातम्यांत आलं. अंधारात गाडी सरळ पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, एक गेला.

"तिथे शेंबड्या पोराला ठाऊक आहे, त्या दिवसांत पुलावर पाणी असतं," काकू म्हणाल्या. "माझा भाऊ म्हणाला, रस्त्यावर साधी पाटी असती तरी माणूस वाचला असता."

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "आमच्याही नकाशात पूल असेल. पाणी नसेल."

ते खरंच आहे. रस्ता आहे की नाही हे नकाशाला कळतं, पण कधी आहे हे कळायला गाव लागतं. अकोल्यातले बंड्ये कमी पडले की काय, कोण जाणे. की त्यांनी सांगितलं असतं तरी कोणी ऐकलं असतं? आणि चूक सांगणाऱ्याला गुण पाचच, नवी टपरी टाकणाऱ्याला पंधरा. मग पोरं टपऱ्या टाकणार नाहीत तर काय!

काकूंनी नुसतं बंड्याचं नाव घेतलं असेल, तेवढ्यात तो गाडी ढकलत दारात हजर. नानांनी त्याला भिंतीपाशी बोलावून घेतलं. मागचा बोळ नकाशावर आरपार दाखवतात, प्रत्यक्षात पुढे भिंत आहे, त्यामुळे प्रत्येक सामानवाला आमच्या मागच्या दारात येऊन घंटा वाजवतो. ही तक्रार जुनीच. बंड्याने फोन नानांच्या हातात दिला. "तुम्हीच करा, नाना. रस्ता निवडा, बंद आहे म्हणा, कारण टाका."

नानांनी चष्मा पुसला. बोट तीन वेळा भलत्याच बोळावर पडलं. शेवटी जमलं. फोनवर आलं: धन्यवाद, तपासून कळवू.

"तपासणार कोण? वरिष्ठ?"

"यंत्र बघतं, नाही तर माझ्यासारखाच कोणीतरी."

"स्थळपाहणी नाही?"

"नाही."

"मग माझी सही कुठे येते? क-प्रतीवर खाली भूकरमापकाची सही असते." नानांनी नकाशा चारही कोपऱ्यांत सरकवून पाहिला. खाली गूगलचं नाव होतं. बंड्याने मग दुसरा नकाशा उघडला, ओपनस्ट्रीटमॅपचा. या नकाशावर फेसबुकवाल्यांनीही पुष्कळ कामं उभी केली आहेत. 2022 च्या डिसेंबरात ॲमेझॉन, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि टॉमटॉम यांनी मिळून ओव्हर्चर नावाची संस्था काढली, तिनेही यातलं पुष्कळ घेतलं आहे. या ओपनस्ट्रीटमॅपच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक ओळ असते आणि वापरणाऱ्या प्रत्येकाला ती ठेवावीच लागते, मग कंपनी कितीही मोठी असो: हा नकाशा ओपनस्ट्रीटमॅपला हातभार लावणाऱ्यांचा.

"म्हणजे सगळ्यांची मिळून एक सही," नाना वाचून म्हणाले. "सातबाऱ्यावर 'व इतर' असतं तशी."

काकूंनी शेंगांचं ताट उचललं. "'व इतर'ला वाटा किती येतो, ते आमच्या माहेरच्या जमिनीत बघितलंय मी."